पळून गेलेल्याची आई

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री केली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या, वसतिगृहांच्या. वाफेच्या लांबलचक यंत्रातून चादर बाहेर आली की दोघी जणी दोन टोकं धरून घडी घालायच्या, आणि सासूबाईंची घडी अशी बसायची की नव्या मुलींना ती नमुना म्हणून दाखवत. तिथं सगळे त्यांना ‘कडकबाई’ म्हणायचे. इस्त्रीमुळे की स्वभावामुळे, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आमच्यात दिवसाकाठी दहा-बारा वाक्यं व्हायची, आणि त्यातली निम्मी ‘गॅस बंद केलास का’ याच विषयावर असायची.

सासऱ्यांना मी पाहिलंच नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना लकवा झाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि त्यानंतर अकरा वर्षं ते अंथरुणावर होते, एवढंच मला माहीत होतं. घरात त्यांचा एक फोटो होता. त्यांच्याबद्दल ना आई, म्हणजे सासूबाई, बोलायच्या, ना माझा नवरा.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. वीस मजल्यांच्या काळोख्या विहिरीत पट्ट्यावर लटकून काम करायचा आणि घरी येऊन विचारायचा, “पंखा साफ करायचाय? स्टूल पक्कं आहे ना?” मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे. बारा वर्षं आमचं बरं चाललं होतं. मूलबाळ झालं नाही, त्याचं थोडं वाईट वाटून झालं, मग तेही जुनं झालं.

एका दुपारी दुकानात मी एक लाल फ्रेम हातात घेतली आणि ती मला विटेसारखी फिकी दिसली. डावा डोळा झाकला, तर लालभडक. उजवा झाकला, तर पुन्हा वीट. चष्म्याच्या धंद्यात असल्यामुळे एवढं कळत होतं की हे नंबराचं दुखणं नाही. महिनाभर तपासण्या झाल्या आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवर जे आवरण असतं ते शरीर स्वतःच कुरतडायला लागतं. आज डोळा, उद्या पाय, कधी हात. मधूनमधून झटका येईल, मधूनमधून बरं वाटेल.

नवऱ्यानं विचारलं, “दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?”

“दुरुस्त नाही होत,” डॉक्टर म्हणाले. “सांभाळून चालवायचं.”

हे वाक्य त्याला मेकॅनिक म्हणून समजलं. नवरा म्हणून समजायला पुढं बराच वेळ गेला.

त्या दवाखान्याच्या बाकांवर मी खूप बसले, आणि बसलेल्या माणसाला दिसतं फार. आजारी पुरुषांच्या शेजारी त्यांच्या बायका असायच्या. मांडीवर फाइल, पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ. आजारी बायकांच्या शेजारी बहीण असायची, आई असायची, कधी लेक. नवरेही असायचे, नाही असं नाही, पण ते बहुतेक उभे असायचे.

एकदा नर्सनं विचारलं, “बाई, तुमच्याबरोबर कोण आहे?”

“नवरा. गाडी लावायला गेलाय.”

“बघा हं,” ती हसून म्हणाली, “इथून गाडी लावायला गेलेले काही नवरे अजून यायचेत.”

तेवढ्यात माझा नवरा दोन कप चहा घेऊन आला. मी नर्सकडे अशा काही दिमाखात पाहिलं, की आठवलं तरी आता लाज वाटते.

कारण पहिले आठच महिने तो सोन्यासारखा वागला. बाथरूममध्ये दांड्या बसवल्या, पलंगाजवळ बसवल्या, पॅसेजमध्ये बसवल्या. घर बसच्या आतल्यासारखं दिसायला लागलं. माझ्या उशाशी बटण लावलं, ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजायची. जे पान्ह्यानं होण्यासारखं होतं ते सगळं त्यानं केलं. आई हे सारं बघायच्या आणि म्हणायच्या, “छान बसवलंयस.” पुढं काही नाही.

मग दुसरा झटका आला. या वेळी पाय गेले. सकाळी बाथरूमकडे निघाले, त्याचीच दांडी धरून, आणि पोचण्याआधीच पॅसेजमध्ये माझं सगळं आवरेनासं झालं. तो समोर उभा होता. त्यानं फडकं आणलं, फरशी पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसली. पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी ओल्या कपड्यांत दांडीला लटकून उभी, आणि तो फरशी पुसतोय. शेवटी आईंनी येऊन मला आत नेलं.

चार दिवसांनी त्यानं सांगितलं की लांबच्या एका शहरात नव्या इमारतीत चार लिफ्ट बसवायच्या आहेत, तीन आठवड्यांचं काम. बॅग भरताना तो सारखं सांगत होता, कुठली गोळी कुठं ठेवलीय. मी तेव्हाच ओळखलं. तीन आठवड्यांचे सहा झाले. फोन यायचा, माणूस नाही.

त्या सहा आठवड्यांत आईंनी माझं सगळं केलं. न विचारता, न बोलता, आणि इतक्या सवयीच्या हातांनी की मी चकित व्हायचे. मला कुशीवर वळवताना त्या आधी माझा गुडघा उभा करायच्या, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि मी वळलेली असायचे. एकाहत्तर वर्षांची बाई. जोर लावलाय असं कधी वाटायचंच नाही.

एका संध्याकाळी फोनवर तो म्हणाला, “काम जरा लांबलंय.” आवाज मोठा होता, आईंना ऐकू गेला.

“काम नाही लांबत,” त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या. “माणूस लांबतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतले कपडे घालून माझ्यासमोर उभ्या. खालच्या मजल्यावरची कपडे शिवणारी शेजारीण त्यांच्या मागं. “ही उद्यापर्यंत तुझ्याजवळ बसेल. मी जाऊन येते.”

“कुठं?” मी विचारलं, उगाचच.

“मुलाला बघून येते.”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अर्धं त्यांच्याकडून, अर्धं त्याच्याकडून, आणि दोघांचं एकमेकांशी जुळतं म्हणून मी ते खरं धरते.

सात तास बसमध्ये बसून त्या तिथं पोचल्या. इमारत चौदा मजली. पहारेकरी म्हणाला, “आजी, ते सगळ्यात वर मशिनरूममध्ये आहेत. लिफ्ट अजून चालू नाही. तुमचा मुलगाच बसवतोय की ती. मी निरोप देतो, ते येतील खाली.”

“नको,” त्या म्हणाल्या. “खाली आला तर घाईत येईल.”

आणि त्या चढल्या. कठडे नसलेल्या, सिमेंटनं माखलेल्या जिन्यानं, दर दोन मजल्यांनी एखाद्या गोणीवर टेकत, सव्वा तासात चौदा मजले. त्यांचे गुडघे एरवी आमच्या तिसऱ्या मजल्यालाही कुरकुर करायचे. मशिनरूमच्या दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. तो लिफ्टची मोटर उघडून बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या हातातलं सगळं गळालं.

“ती...?” एवढंच तो म्हणाला.

आईंनी दम खाल्ला. “जिवंत आहे. तुझी वाट बघत नाहीये, तेवढं सांगायला आले.”

मग त्या खाली फरशीवर बसल्या. तोही बसला. आधी तोच बोलला, “आई, मला नाही जमत. तिला तसं बघवत नाही मला. तू अकरा वर्षं केलंस बाबांचं. तुला कसं जमलं? बायकांना ते येतं. आमच्यात नसतं ते.”

तो सांगतो, यावर आई रागावेल असं वाटलं होतं, पण ती रागावली नाही. ती म्हणाली, “मीसुद्धा पळाले होते.”

सासरे पडले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मुलगा शाळेत गेला होता. आईंनी दूध मंद गॅसवर ठेवलं आणि पाव आणायला खाली उतरल्या. कोपऱ्यावर बस उभी होती. कुठं जाते ते त्यांनी वाचलंही नाही. चढल्या, खिडकीपाशी बसल्या. बस सुटली तेव्हा त्यांना काय वाटलं? “हलकं,” त्या म्हणाल्या. “इतकं हलकं की मला वाटलं मी मेले.” एक थांबा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला दूध आठवलं.

त्या उतरल्या आणि पळत सुटल्या. घर धुरानं भरलं होतं. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं जळत होतं. आणि सासरे पलंगावर नव्हते. त्यांनी स्वतःला खाली लोटून दिलं होतं, आणि एका डाव्या हातानं फरशीवरून अंग ओढत ओढत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. कोपर सोललेलं, ओठ फुटलेला. लकव्यानंतर त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता: ‘बरं’. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. आईंनी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी आईंच्या हाताकडे पाहिलं. हातात पाव नव्हता. मग तोंडाकडे पाहिलं. आणि म्हणाले, “बरं.”

“त्यांना कळलं होतं,” आई मुलाला म्हणाल्या. “नऊ वर्षं त्यांना माहीत होतं, आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. बायका पळत नाहीत असं कुणी सांगितलं तुला? आम्ही पळतो. फक्त दूध उतू जायच्या आत परत यायचं असतं, म्हणून कुणाला दिसत नाही.”

तो रडायला लागला. आईंनी रडू दिलं. मग उठल्या. “तुझ्या लहानपणी मी दार लावून घ्यायचे. तुला खेळायला धाडायचे. वाटायचं, पोरानं का बघावं? सतराव्या वर्षी तू काम शिकायला वसतिगृहात गेलास, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला, की याला काही बघावं लागलं नाही. ती माझी चूक. पण आता तू सेहेचाळीस वर्षांचा आहेस. माझ्या चुकीवर किती दिवस काढशील?”

आणि त्या चौदा मजले उतरून बसच्या वाटेला लागल्या. त्याला ‘चल’ म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर मला त्यांनी दोनच वाक्यांत सांगितलं, “सांगून आले. येईल किंवा येणार नाही.” मग पाणी प्यायल्या, आणि पेला हातात ठेवून म्हणाल्या, “आला तर घरात घ्यायचं का, ते तुझं तू ठरव. माझा मुलगा आहे म्हणून घेऊ नकोस. नाही घेतलंस तरी मी इथंच आहे.”

स्वतःच्या पोटच्या पोराबद्दल कुठली आई सुनेला असं म्हणते? मी उशीत तोंड खुपसून रडले. त्याच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

नऊ दिवसांनी तो आला. दाढी वाढलेली, बॅग खांद्याला. मला वाटलं होतं मी खूप बोलेन. सहा आठवडे वाक्यं घोटून ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते असं, “बाहेरच्या खोलीत झोपायचं. आणि माफी मागू नकोस, मला आत्ता ती ठेवायला जागा नाही.”

“बरं,” तो म्हणाला. आईंनी चटकन त्याच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या आठवड्यात मी काठीच्या आधारानं थोडी उभी राहू शकत होते. आईंनी त्याला हाक मारली आणि स्वतः माझ्या पलंगावर आडव्या झाल्या. उजवा हात, उजवा पाय त्यांनी असा सोडून दिला, जणू तो त्यांचा नव्हताच. मान एका बाजूला. चेहऱ्याची उजवी बाजूही कशी कोण जाणे, ओघळली. त्या बाईनं अकरा वर्षं जे पाहिलं होतं ते तिच्या अंगात उतरलं होतं.

“मी तुझा बाप आहे,” त्या म्हणाल्या. “चादर ओली झालीय. बदल.”

तो दारात खिळला. “आई, काहीतरीच काय.”

“बदल.”

तो पुढं झाला. खांद्याला धरून ओढायला लागला. “ओढू नकोस. मी पोतं नाही. आधी सांग, काय करणार आहेस ते. मला बोलता येत नाही, ऐकू येतं.” त्यानं सांगितलं. “गुडघा उभा कर. आता खांदा आणि कंबर. पाठीनं जोर नको, गुडघ्यानं. माझ्या तोंडाकडे बघ. फरशीकडे नाही, चादरीकडे नाही. तोंडाकडे. दुखतंय का ते तिथं दिसतं.”

त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडात त्याला कोण दिसलं ते मी सांगू शकत नाही, पण त्यानं नजर हटवली नाही. जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत, नवी पसरायची, माणूस परत वळवायचा, दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची. तीन वेळा चुकला. तिन्ही वेळा आई पुन्हा तशाच निर्जीव पडल्या. चौथ्या वेळी त्यांना उचलून त्यानं खुर्चीत बसवलं, आणि त्यांच्या पायाशी बसून गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणाला, “बाबांचं तू रोज हे करत होतीस? एकटी?”

“दिवसातून चारदा,” आई म्हणाल्या, आता त्यांच्या नेहमीच्या आवाजात. “जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीतून पळत यायचे. ऊठ आता. कोपऱ्याला घडी पडलीय, ती टोचेल.”

मी काठीवर उभी होते. मोठमोठ्या देवळांत, डोंगरांवर, समुद्रापाशी माणसं जातात आणि हात आपोआप जोडले जातात म्हणतात. माझे जोडले गेले ते त्या दहा बाय बाराच्या खोलीत.

शिकायला त्याला वर्ष लागलं. आई रोज सकाळी खुर्ची टाकून बसायच्या आणि फक्त दोनच शब्द म्हणायच्या, “आधी विचार.” त्याची सवय उलटी. त्याला वाटायचं, बिघाड दिसला की हात घालायचा. हळूहळू तो विचारायला लागला, “आज काय जमतंय?” ज्या दिवशी पाय चालायचे त्या दिवशी मी म्हणायचे, “सगळं जमतंय, लांब हो.” तोही शहाणा झाला, लांब व्हायला लागला. तो आजही इंजेक्शनची सुई बघून पांढरा पडतो. कधीकधी त्याचा जीव घुसमटतो, ते मला कळतं. मग तो सांगतो, “दोन तास जाऊन येतो.” आणि दोन तासांनी येतो. बाहेरच्या खोलीतून तो आत कधी आला ते सांगत नाही. एवढंच सांगते, की माफी त्यानं मागितली, आणि तोवर मला जागा झाली होती.

शेजारपाजारी त्याचं भलतंच कौतुक. “काय नशीब काढलंस गं! नवरा केस विंचरून देतो!” एकदा माझं डोकंच फिरलं. मी आईंना म्हणाले, “तुमचं कुणी असं कौतुक केलं होतं का अकरा वर्षांत?”

“एकानंही नाही.”

“मग तुम्हाला राग नाही येत?”

“येतो की,” त्या म्हणाल्या. “पण करू देत. कौतुकाच्या खतपाण्यावर टिकतात पुरुष. आपण नुसत्या ओलीवर टिकतो.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. कडकबाईंना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एकदा मी विचारलं, “हा आजारी पडला असता आणि मी धडधाकट असते, तर मी पळाले असते का हो?”

त्यांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. “तुझ्या मनात आलं असतं. पण ते तू स्वतःलासुद्धा सांगितलं नसतंस. त्यानं निदान बॅग भरून सगळ्यांदेखत केलं.” मग म्हणाल्या, “चांगलं कुठलं ते मला विचारू नकोस. मला अजून ठरवता आलं नाही.”

याला आता नऊ वर्षं झाली. मला अधूनमधून झटके येतात, जातात. दुकानात मी आठवड्यातले तीन दिवस बसते, काचा घासत नाही, गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवते. आई ऐंशीच्या आहेत. ऐकू कमी येतं, जिना उतरत नाहीत.

गेल्या महिन्यात खालची शेजारीण आली. तिच्या भाचीची मूत्रपिंडं गेलीत, आठवड्यातून तीनदा यंत्राला लावावं लागतं, आणि नवरा महिन्याभरापासून मित्राकडे राहतोय. शेजारीण रडत होती. “तुम्ही तेव्हा मुलाला आणलंत. याला दोन शब्द सांगाल का?”

आईंनी तिला प्रश्न पुन्हा मोठ्यानं विचारायला लावला. मग म्हणाल्या, “मी कोण त्याची? त्याची आई आहे का?”

“आहे.”

“चालती-फिरती आहे?”

“आहे की.”

“मग तिला माझ्याकडे पाठव.”

चार दिवसांनी एक परकी बाई आमच्या घरी आली. साठीची, अंगानं किडकिडीत, चेहरा आवळलेला. दारातच म्हणाली, “माझ्या मुलाला नावं ठेवणार असाल तर मी आल्या पावली जाते.”

“बसा,” आई म्हणाल्या. “तुमचे हात दाखवा बघू.”

त्या बाईनं बावरून हात पुढं केले. आईंनी ते उलटसुलट करून पाहिले, अंगठ्यानं तिच्या तळव्यांवरचे घट्टे चाचपले. “तुम्हीही केलंय कुणाचंतरी,” त्या म्हणाल्या.

“सासूचं. आणि ह्यांचं, सात वर्षं,” ती बाई म्हणाली, आणि तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

त्या दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. नवरा मला औषध देऊन बाहेरच्या खोलीत टेस्टर शोधत होता. आतून कपांचा आवाज येत होता, मधूनच आईंचा मोठा आवाज, कारण ऐकू न येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. पण शब्द कळत नव्हते. एकदा ती बाई मोठ्यानं हसली. नंतर आईंच्या मोठ्या आवाजातला एकच शब्द कळला, ‘दूध’.